दोन खटक्यांमधलं रिकामं घर

आमच्या लेकीला, इन्शिराहला, दुसरी मुलगी झाली त्या वर्षाची, म्हणजे सत्त्याऐंशीची ही गोष्ट. बाळंतीण माझ्याकडेच होती. इजिप्तमधल्या तांता शहरातल्या आमच्या दोन खोल्यांत एकीकडे बाळाचे कपडे वाळत असायचे आणि स्वयंपाकाच्या टेबलावर माझे यजमान, वहीद, ॲम्प्लिफायर जुळवत बसलेले असायचे.

रेडिओ दुरुस्तीच्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं काढली. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, एकदा दोन तारांची अदलाबदल झाली आणि तुमच्याकडून आता होणार नाही, असं गोड शब्दांत सांगून मालकाने त्यांना घरी बसवलं. आमच्याकडे कसबी कारागिराला उस्ता म्हणतात; उस्ता वहीद संपला, असं गल्ली म्हणू लागली. अशात मंडपवाले शाहीन आले. लग्न असो की दुखवटा, तंबू, खुर्च्या, कर्णे त्यांचेच. त्यांना एक ॲम्प्लिफायर हवा होता. मायक्रोफोन, टेप आणि रेडिओ, तिन्ही एकाच सिलेक्टरवर, म्हणजे खटका फिरवून हवा तो आवाज निवडायच्या स्विचवर. चांगला निघाला तर माझं सगळं काम तुमच्याकडे, म्हणाले. नाही निघाला तर काय, ते बोलले नाहीत. ते गल्ली बोलणारच होती.

बाकीचं सगळं जमलं, सिलेक्टरवर अडलं. स्टेशनमागे नसीमचं दुकान होतं, तिथे आम्ही दोघं गेलो. मला पंचेचाळिसाव्या वर्षी अक्षरं आली होती, म्हणून वाचायला मला नेलं. पण त्या स्विचांवर अरबी नव्हतंच. नसीमने दोन पुढे ठेवले, दिसायला जुळे भाऊ. यजमानांनी एकेक मीटरला लावला, कानाशी धरला आणि फिरवला. एकावर मीटरची शिट्टी प्रत्येक खटक्याला तुटायची, दुसऱ्यावर अखंड चालायची.

नसीम म्हणाला, "उस्ता, लग्नाआधी बायकोलाही एवढं पारखलं नसेल."

"तेव्हा माझ्याकडे मीटर नव्हता," यजमान म्हणाले.

येताना त्यांनी मला समजावलं. पहिला स्विच आधीचा हात सोडतो आणि मग पुढचा धरतो, त्या मधल्या क्षणी कर्ण्यात फट् आवाज होतो. दुसरा पुढचा हात धरल्याशिवाय आधीचा सोडतच नाही. दुखवट्यात फट् झालं तर म्हाताऱ्या बायका छातीला हात लावतील. म्हणून त्यांनी दुसरा घेतला. मलाही ते पटलं.

ॲम्प्लिफायर जुळवून झाल्यावर तपासायला शाहीन आले ते शेख बद्रानना घेऊन. शेख आंधळे, तीस वर्षं शाहीनच्या मंडपांत कुराण पठण करणारे. त्यांच्या कानावर सगळा गाव भरवसा ठेवायचा. शाहीनने लग्नाच्या गाण्यांची टेप लावली. तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची वेळ झाली, तसा यजमानांनी लग्नात करतात तसाच खटका फिरवला, गाणं बंद आणि रेडिओवरची अजान सुरू. फट् झालं नाही. यजमानांनी माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं. शेख मात्र अजान संपेपर्यंत मान खाली घालून बसले.

"वहीद, अजानच्या पहिल्या शब्दावर ती बाई गात होती," ते म्हणाले.

निमिषभरच, असं यजमान पुटपुटले.

"निमिषभर दोघं एका खुर्चीवर बसली. लोक निमिष मोजत नाहीत, बाळा. लोक मला विचारतात."

शाहीन म्हणाले की असा खटका मंडपात फिरला तर लोक मंडपच मोडतील, आणि शुक्रवारपर्यंत मुदत देऊन ते शेखना घेऊन गेले.

यजमान बराच वेळ तो स्विच नुसता फिरवत बसले. तो घ्यावा तर फट्, हा घ्यावा तर भेसळ. शेवटी म्हणाले, कारखान्याचा मालक खोटं बोलत नव्हता.

मी दुपटी पिळत होते. आमच्याच गल्लीत त्या महिन्यात हलवायाची आई गेली होती आणि शेजारच्यांनी मुलाचं लग्न चाळिसाव्या दिवसानंतर ढकललं होतं. तेच माझ्या तोंडातून आलं.

"अहो, कुणी गेलं की शेजारी लग्न पुढे ढकलतात ना? मग गाणं आणि अजान तुम्ही भिंतीला भिंत लावून का ठेवलीत? मध्ये एक घर रिकामं सोडा."

"सहा घरांचा स्विच लागेल."

"मग सहा घरांचा आणा. आपल्याला कुठे भाडं द्यायचंय?"

ते उठून चप्पल शोधायला लागले.

स्विच त्याच जातीचा आणला, पुढचा हात धरूनच आधीचा सोडणारा, पण सहा खटक्यांचा. एकाआड एक घरात मायक्रोफोन, टेप, रेडिओ. मधल्या घरांच्या तारा त्यांनी पत्र्याच्या पेटीला जोडल्या, तिथे आवाज मुकाट मरतो. खटका फिरताना आवाजाची तार पेटीला थेट भिडू नये म्हणून प्रत्येक वाटेवर एक छोटा रेझिस्टर होता. त्याचे रंगपट्टे मी वाचून सांगितले, कथलाचे डाग त्यांनी बोटांनी चाचपून दिले.

शुक्रवारी शेखनी टेपवरून रेडिओवरच्या पठणाकडे खटका फिरवायला लावला. गाणं थांबलं, एक श्वास गेला, मग पठण. "पुन्हा," शेख म्हणाले. पुन्हा. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः हात लांबवून खटके मोजले.

"शाहीन, तुझे कर्णे याच्याकडेच पाठव," ते म्हणाले, "आणि मशिदीचेही मी पाठवतो."

दोन दिवसांनी शाहीनची हातगाडी दारात आली, त्यावर चार जुने ॲम्प्लिफायर. गल्ली गप्प बसली नाही. उस्ता वहीद संपला म्हणणारेच आता आपले रेडिओ घेऊन जिन्यात उभे राहायचे. यजमानांनी आणखी सहा वर्षं काम केलं, शेवटची दोन निव्वळ स्पर्शावर.

शेख बद्रान ब्याण्णवच्या उन्हाळ्यात गेले. माझे यजमान वहीद चौऱ्याण्णव साली, शाबान महिन्यातल्या तिसऱ्या शुक्रवारी सकाळी वारले.