एडविन प्रीस काळ्या कालवडीत जेवायला जातो

हेस्टरने फोनवर जागेचं नाव सांगितलं तेव्हा एडविन प्रीसने तिला ते पुन्हा सांगायला लावलं. तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या, टोबायसच्या आईवडलांनी रविवारच्या दुपारचं टेबल राखून ठेवलं होतं. होणाऱ्या व्याह्यांची ही पहिली भेट. जागा त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचून निवडली होती. डोंगराच्या पायथ्याचा जुना खेडवळ पब, आता त्याचं रेस्टॉरंट झालेलं. नाव मात्र तेच, ब्लॅक हेफर, म्हणजे काळी कालवड. आसपासच्या गावांत तिला सगळे नुसतं 'कालवड' म्हणत.

"बाबा, मी त्यांना दुसरीकडे जाऊ म्हणते," हेस्टर म्हणाली. "काहीतरी कारण काढते."

"नको. एक कारण काढलंस की त्याच्यामागे आणखी दोन काढावी लागतील," एडविन म्हणाला. "येतो मी."

एडविनचं काम शेतांच्या कडेच्या जिवंत कुंपणांचं. काटेरी झुडपांच्या फांद्या बुंध्याशी अर्धवट तोडायच्या, आडव्या वाकवायच्या आणि एकमेकींत विणायच्या, म्हणजे मेंढ्या बाहेर पडत नाहीत. हे सगळं भर थंडीत. हात बधीर झाले की तो कालवडीत ऊब घ्यायला जायचा, आणि ऊब मिळाली तरी उठायचा नाही. अशी बावीस वर्षं गेली. त्यात बायको गेली, गाडी चालवायचा परवाना गेला. हेस्टर शाळेतून सुटली की त्याला न्यायला यायची आणि आत न येता दारातच उभी राहायची.

शेवटचा दिवस सुगीच्या जेवणाचा. त्याला अकरा वर्षं झाली होती. भरदुपारी अख्खं गाव लांब टेबलांवर बसलेलं असताना मालक लेन गिटिन्सने एडविनला आणखी बिअर द्यायला नकार दिला. एडविन बाकावर चढला आणि त्याने सगळ्यांना सांगितलं, लेन बिअरमध्ये पाणी घालतो, मी तळघरात माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ते धडधडीत खोटं होतं. लेनने वाद घातला नाही. त्याने एडविनच्या कोपराला धरून त्याला बाहेर नेलं आणि पुन्हा पाऊल टाकू नकोस म्हणून सांगितलं. पंधरा दिवसांनी एडविन कामावर असताना चरात कोसळला, हॉस्पिटलात पोचला आणि डॉक्टरांनी त्याला त्याच्या यकृताचं जे काय ते स्वच्छ सांगितलं. त्यानंतर त्याने थेंबाला स्पर्श केला नव्हता.

पण पुढच्याच वर्षी कालवड बंद पडली. का, ते एडविनने कुणाला विचारलं नाही, कारण त्याला ते ठाऊकच होतं. पाणी घातलेली बिअर प्यायला कोण जाणार? हे त्याने हेस्टरलाही कधी सांगितलं नाही. तिला वाटायचं, बाबा दारूला घाबरून त्या रस्त्याला जात नाहीत. तेही खोटं नव्हतं.

रविवारी त्याने भावाच्या दफनाला शिवलेला सूट घातला. हेस्टर गाडी चालवत होती. दोघं हवापाण्याचं बोलले. दार ढकलायच्या आधी एडविनने सूटच्या बाह्या सारख्या केल्या. आत पाऊल टाकलं की तहान मानगूट धरणार, याची त्याने मनाची तयारी करून ठेवली होती.

आत ओल्या कुत्र्यांचा आणि सांडलेल्या बिअरचा वास नव्हता. वितळलेल्या लोण्याचा होता. मधल्या दोन भिंती पाडल्या होत्या. लांब बार काढून तिथे काचेमागे स्वयंपाकघर केलं होतं आणि पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं मान खाली घालून कामाला लागली होती. एडविन आपलं स्टूल कुठे होतं ते शोधत उभा राहिला. खिडकीपासून पावलं मोजली तरी त्याला जागा लागेना. बसायची जागाच राहिली नव्हती. हे ध्यानात आल्यावर तो शोधायचा थांबला. तहान लागली नाही. भूक मात्र सणसणीत लागली.

टोबायस आणि त्याचे आईवडील आधीच येऊन टेबलावर बसले होते. टोबायसचे वडील जेफ्री चष्म्याचं दुकान चालवून निवृत्त झालेले, जरा घाबरट गृहस्थ. ते बराच वेळ अरुंद रस्त्यांबद्दल आणि समोरून आलेल्या ट्रॅक्टरबद्दल सांगत राहिले. मग वाइनची यादी आली आणि त्यांनी एडविनला विचारलं, तांबडी चालेल की पांढरी? हेस्टरने हातातला पाव खाली ठेवला.

"मी पीत नाही," एडविन म्हणाला. "पूर्वी फार प्यायचो. इथेच, याच इमारतीत."

जेफ्रींनी यादी मिटली. मग टोबायसची आई फिलिपा हिने विचारलं, सोडून किती वर्षं झाली? अकरा, एडविन म्हणाला. तिने मान हलवली. तिच्या भावाला पाच आठवड्यांच्या वर कधी जमलं नव्हतं, असं ती म्हणाली, आणि वेट्रेसकडे वळून एडविनसाठी सफरचंदाचा रस मागितला. स्वतःसाठी मात्र तिने तांबडीचा ग्लास मागवलाच. तिने भीड धरून तोही टाळला असता, तर एडविनला जास्त अवघड झालं असतं.

कोकराचं मांस आलं. चवीला उत्तम, पण दोन घासांत संपेल एवढंच. एडविन बटाटे पुन्हा मागावेत की नाही या विचारात असताना त्याचं लक्ष काचेकडे गेलं. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने एक वाकलेला म्हातारा बीटचं खोकं घेऊन आत आला होता. लेन गिटिन्स. खोकं ठेवून, रिकामं उचलून तो पुन्हा बाहेर पडला.

एडविन उठला. आलोच, एवढं पुटपुटून तो बाजूच्या दाराने मागच्या अंगणात गेला.

"लेन, मी प्रीस."

"दिसतंय की. सूट घातला म्हणून ओळखू येणार नाहीस होय?"

एडविनने सगळं एका दमात सांगून टाकलं. ती गोष्ट खोटी होती. त्या एका वाक्याने पब बुडाला. पत्र लिहायला तो कितीदा तरी बसला होता. लेनने हातातलं खोकं खाली ठेवलं.

"तुझ्यामुळे बुडाला? अरे, तू बाकावर चढलास तेव्हा तुझा एक शब्द धड कळत नव्हता. अर्ध्या लोकांना वाटलं तू गाणं म्हणतोयस."

पब त्या सुगीच्या दोन वर्षं आधीच विकायला काढला होता, लेन म्हणाला. त्याच्या बायकोच्या, मर्टलच्या गुडघ्यांना तळघराच्या पायऱ्या झेपत नव्हत्या. लोकही बाजारातून बाटल्या आणून घरीच पीत होते. विकल्याच्या दुसऱ्या दिवशी नवराबायको नऊपर्यंत झोपले, तीस वर्षांत पहिल्यांदा. आता परसातली भाजी तो इथेच विकत होता.

दोघं उलट्या खोक्यांवर बसले. लेन मातीने भरलेले हात चोळत राहिला.

"मी आलो होतो हॉस्पिटलात," तो म्हणाला. "वॉर्डच्या दारापर्यंत. तिथून माघारी गेलो. बावीस वर्षं तुला भरून देत होतो मी. तुझी पोरगी दारात उभी राहायची, ती दिसायची मला. तरी भरायचो. तू मेला असतास तर मी काय केलं असतं?"

"ग्लास उचलायचो मी, लेन."

"भरायचो मी."

"मग अर्धं अर्धं वाटून घेऊ."

लेन हसला आणि हसता हसता खोकू लागला. एडविनने त्याच्या पाठीवर थापटलं.

तेवढ्यात हेस्टर धावतच बाहेर आली. तिची नजर आधी वडलांच्या हातांकडे गेली, ते त्याने पाहिलं. हात रिकामे होते. लेनने उठून टोपी काढली. हेस्टरने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"गिटिन्सकाका, आत पुडिंग आलंय," ती म्हणाली. "एक खुर्ची रिकामी आहे."

माझे बूट बघ, असं म्हणून लेनने नकार दिला. जाता जाता त्याने एडविनला विचारलं, कुंपणाचं काम अजून करतोस का? घरामागचं कुंपण विरळ झालं होतं आणि शेजारच्या मेंढ्या येऊन कोबी खात होत्या. पानं गळली की येतो, एडविन म्हणाला.

पुडिंग खाताना लग्नाचं ठरलं, मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी. जेफ्रींनी डायरीत लिहून घेतलं आणि गाड्या कुठे लावायच्या याची काळजी सुरू केली. एडविनने आणखी पुडिंग मागून घेतलं.

परतताना गाडी मुख्य रस्त्याला लागायच्या आतच त्याला झोप लागली, तोंड उघडं, टायचा फास सैल. हेस्टरने रेडिओ बंद केला. घर आल्यावरही तिने त्याला लगेच हाक मारली नाही.