दाताला लावते, तेवढंच

जिन्याखालच्या खोलीत इस्त्रीचं दुकान होतं आणि पडद्यामागे संसार. इस्त्रीवाल्यांना सगळी गल्ली मामा म्हणे, त्यामुळे त्यांची बायको आपोआप मामी झाली. टेबलाच्या कोपऱ्यावर तंबाखूची डबी कायम उघडी असायची. कुणाला कपड्यांसाठी थांबावं लागलं की मामा ती पुढे सरकवत. "घ्या हो चिमूटभर, शर्ट होईस्तोवर वेळ जाईल." गल्लीतल्या निम्म्या पुरुषांनी आयुष्यातली पहिली चिमूट इथेच घेतली होती. याला सगळे मामांचा दिलदारपणा म्हणत. असला दिलदारपणा फुकट मिळतो, म्हणून कुणी त्याची चौकशीही करत नाही.

मामांची आणखी एक ख्याती होती. तोंडात पाणी घेऊन ते कापडावर अशी फुंकर मारत की सगळीकडे सारखा ओलावा बसे, एक थेंब इकडचा तिकडे होत नसे. पण हल्ली टेबलावर फवाऱ्याची प्लॅस्टिकची बाटली आली होती. "जमाना बदलला," मामा म्हणायचे. मामीला काही ते पटत नव्हतं. जेवताना ते घास बारीक करून आत सरकवत, जरा तिखट लागलं की डोळ्यांत पाणी येई. विचारलं तर चेष्टा करून वेळ मारून नेत.

कोळशाच्या इस्त्रीत संध्याकाळी उरलेले निखारे मामी कधी वाया घालवत नसे. त्यांवर पत्रा ठेवून ती तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बाटलीत भरायची. ही तिची मशेरी. सकाळी बोटाने दातांना लावल्याशिवाय तिला दिवस उजाडल्यासारखं वाटत नसे. आई लावायची, आजी लावायची, मग त्यात विचार करण्यासारखं काय होतं?

मध्यंतरी लेकीची दाढ ठणकायला लागली. "आ कर," म्हणत मामीने चिमीच्या हिरडीवर ती पूड चोळली. "थुंकी गिळू नकोस. बघ, आत्ता थांबेल." चिमीला गरगरलं, पण ठणका थांबला. पुढे दाढही बरी झाली. चिमी मात्र सकाळी उठली की बाटली मागू लागली. पोरगी आपल्या वळणावर गेली म्हणून मामीला कौतुकच वाटलं.

त्याच सुमारास सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई दारोदार फिरून लोकांची तोंडं तपासत होत्या. दुकानाशी येऊन त्या म्हणाल्या, "मामा, तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घाला बघू. तिन्ही मावली तरच तोंड नीट उघडतंय म्हणायचं."

"माझं तोंड तपासता?" मामा हसले. "या तोंडाने अख्ख्या गल्लीचे कपडे भिजवलेत, बाई!"

शाळेतले मास्तर आपल्या पांढऱ्या शर्टासाठी थांबले होते. त्यांना गंमत सुचली. "मग दाखवाच, मामा. ती बाटली ठेवा बाजूला."

आता माघार कशी घेणार? मामांनी तांब्या उचलला. ओठ जेमतेम उघडले. त्या फटीतून त्यांनी थोडंथोडं पाणी आत घेतलं आणि गाल फुगवायला गेले. एक गाल फुगला. दुसरा लाकडासारखा तसाच राहिला. ओठांच्या कोपऱ्यातून पाणी हनुवटीवर ओघळलं आणि मास्तरांच्या शर्टावर लालसर डाग पसरत गेला.

मास्तरांनी त्याच शर्टाने मामांची हनुवटी पुसली.

नर्सबाईंनी बॅटरी लावून आत पाहिलं. पांढऱ्या चट्ट्याच्या मधोमध न भरलेली जखम होती. "किती दिवस लपवलंत हो?" त्या म्हणाल्या. "उद्या नाही, आत्ता चला माझ्याबरोबर."

मोठ्या इस्पितळात मामांचा गाल काढला, जबड्याचा तुकडाही काढला. नाकातून नळी घातली. ज्या तोंडाने गल्ली हसवली, त्यातून आता एक शब्द धड फुटेना. पुढे काय होईल, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि विचारायची मामीची हिंमत झाली नाही.

मामा इस्पितळातच होते. घरी आल्याआल्या मामीने टेबलावरची डबी उचलली आणि सगळ्यांच्या देखत गटारात फेकली. "आजपासून इथे कुणी तंबाखू मागितली तर तापलेली इस्त्री ठेवीन तोंडावर! माझ्या घराची राख केली या चिमटीने!" बाहेर उभ्या असलेल्या बाप्यांपैकी एकाने हातातली मळलेली तंबाखू हळूच खिशात ओतली.

नर्सबाई दारातच होत्या. "मामी, तुमचंही तोंड बघू."

"माझं कशाला? मी नाही बाई तंबाखूला शिवत. मशेरी दाताला लावते, तेवढंच."

"आणि मशेरी कशाची करता?"

मामीची नजर तंबाखू भाजायच्या पत्र्यावर गेली. मग तिने तीन बोटं एकावर एक धरून तोंडाशी नेली. दोन आत गेली. तिसरं दातांवर अडलं.

तेवढ्यात पडद्याआडून चिमीचा आवाज आला. "आई, बाटली कुठे ठेवलीस गं? मला लावायचीय."

मामी आत गेली. फळीमागची बाटली तिनेच काढली. सकाळपासून तिनेही लावली नव्हती आणि डोकं फुटायची वेळ आली होती. चिमीने हात पुढे केला.

"नाही," मामी म्हणाली. तिने मोरीत बाटली उपडी केली आणि वरून पाणी सोडलं.

चिमीने आदळआपट केली. "तूच तर लावली होतीस!"

"हो. मीच."

नर्सबाई मागून म्हणाल्या, "चार दिवस चिडचिड होईल दोघींना. मी रोज येईन. पण आधी बघू द्या."

मामीने लेकीला दारातल्या उजेडात ओढलं आणि तिची हनुवटी हातात धरली.

"आ कर," ती म्हणाली.

नर्सबाईंनी बॅटरी लावली.