राजकन्येचा उजवा हात

आम्हा ओस्ट्रावाकडच्या माणसांना प्रागवाले ‘आखूड चोचीचे’ म्हणतात. चेक भाषेतले दीर्घ स्वर आम्ही ऱ्हस्वच बोलतो, आणि गंमत म्हणजे तो फरक आम्हाला ऐकूही येत नाही. मी उभा जन्म इथल्या शाळेत शिकवलं, पण कान माझाही इथलाच.

त्या वर्षी आमच्या कळसूत्री बाहुल्यांचा खेळ बघायला प्रागहून पाहुणे येणार होते. मंडळ चालवणाऱ्या ओटाकार न्हाव्याने फर्मान काढलं, “सैतान बोलू दे आपल्यासारखा. राजकन्या मात्र पुस्तकातल्यासारखी बोलली पाहिजे. रविवारपर्यंत जमलं नाही, तर बाहुली औषधवाल्यांच्या मुलीकडे.” आमच्या गावात औषधाचं दुकान चालवणारे हे गृहस्थ मूळचे प्रागचे, म्हणून परीक्षक तेच.

राजकन्या होती मंडळातल्या द्राहुश्का नावाच्या पोरीकडे. बाहुलीचा झगासुद्धा तिनेच शिवलेला. ती नाक लाल करून आमच्या स्वयंपाकघरात आली.

“मास्तर, मी लांबच बोलते हो! तरी औषधवाले काका मान हलवतात.”

“बोल बघू.”

ती बोलली. मला तर झकास वाटलं. ओट्याशी स्ट्रूडलची कणीक मळणारी माझी बायको व्लास्ता हसली. तीही प्रागचीच.

“दोघंही बहिरे!”

मग द्राहुश्काने सगळंच लांबवलं.

“अगं, राजकन्या आहे की गोठ्यातली गाय?” व्लास्ता म्हणाली.

पोरीचे डोळे भरले. मला वाटलं, कानाला जमत नसेल तर हाताला शिकवू. स्ट्रूडलसाठी कणीक कागदासारखी पातळ होईपर्यंत हाताने ओढतात, मग सफरचंदं भरून गुंडाळतात. टेबलावर चादर अंथरली, कणकेचं एक टोक तिच्या हातात दिलं. व्लास्ताने तिच्या संवादात लांब स्वरांखाली पेन्सिलीने रेघा मारल्या.

“रेघ आली की कणीक ओढायची. हात चालेल तोवर आवाज चालू. रेघ संपली, हात सोड,” मी सांगितलं.

“आणि फाटली तर?”

“तर गाय झाली म्हणून समज.”

पहिल्या दिवशी कणकेची चाळण झाली. तरी सफरचंदं भरून भाजली आणि खाल्ली. आठवडाभर आमच्याकडे दुसरं काही शिजलंच नाही.

रविवारी दुपारी खेळाआधी औषधवाले तिची परीक्षा घ्यायला बसले. द्राहुश्काने बाहुलीच्या दोऱ्या धरल्या आणि माझ्याकडे वळली.

“मास्तर, कणीक कुठाय?” ती कुजबुजली.

“दोरी आहे ना हातात!”

तिने दोरी ओढली. राजकन्येचा उजवा हात सावकाश वर गेला, स्वर संपेपर्यंत तिथेच राहिला, मग खाली आला. पुन्हा लांब स्वर, पुन्हा हात. औषधवाल्यांनी या वेळी मान उभी हलवली.

खेळात पाहुणे म्हणाले, “काय रुबाब आहे!” टाळ्या थांबल्यावर पहिल्या रांगेतून द्राहुश्काची आजी मोठ्याने म्हणाली, “बोलते तर आपल्यासारखीच. पण बिचारीचा खांदा दुखतोय का गं?”

राजकन्या तिच्याकडे वळली आणि कमरेत वाकली. “नाही गं आजी, मस्त आहे मी!”

व्लास्ताने मला कोपर मारलं. “हे आखूड होतं बरं का.”