बरणीबाबांचं फुगलेलं पुण्य

मंडपासमोर बायकांची रांग लागली होती आणि प्रत्येकीने कडेवर मूल घ्यावं तशी काचेची बरणी घेतली होती. परसातले टोमॅटो शिजवून बरणीत वर्षभर टिकवायचे, हा इथला जुना उद्योग. यंदा त्यात अध्यात्म शिरलं होतं.

"झाकण आत दबलं, म्हणजे घरात पाप. वर आलं, म्हणजे बरणीत प्राण," बरणीबाबा सांगत. मग बरणी उघडून चिमूटभर पवित्र भुकटी टाकत, झाकण आवळत, डोळे मिटत. थोड्या वेळाने पत्र्याचं झाकण 'टक्' करून फुगे. बाबाही फुगत. ज्यांची झाकणं नीट उकळल्यामुळे आत दबली होती, त्या बिचाऱ्या बायका आपल्या बरण्या पिशवीत लपवत.

कडेला उभ्या विज्ञानाच्या बाईंचा जीव टांगणीला लागला होता. त्यांच्या वहिनीने गेल्याच आठवड्यात बाबांकडून अशी फुगलेली बरणी नेली होती, आणि दुखण्यातून नुकत्याच उठलेल्या बाईंच्या आईला ती आज भरवायची होती. त्याआधी पुन्हा एकदा बाबांचा हात लागावा म्हणून वहिनी ती घेऊन आली होती.

"वन्सं, उगाच नाट लावू नका. सासूबाईंच्या अंगात ताकद येईल."

"काय येईल ते बघू."

बाईंनी बाबांकडून भुकटी मागून जिभेला लावली. चव केकच्या पिठातली, ओळखीची. त्या समोरच्या दुकानातून एक पुडी घेऊन आल्या, एका पिशवीतली पापी बरणी उघडली, चिमूट टाकली, झाकण आवळलं. टक्.

मंडपातल्या साऱ्या माना त्या बरणीकडे वळल्या. मग एका काकूंनी बाईंचे पायच धरले. "ताई, तुम्हालाही सिद्धी?"

"सिद्धी नाही काकू, सोडा. खायचा सोडा. टोमॅटोच्या आंबटपणाशी गाठ पडली की त्याचा वायू होतो, तो झाकण ढकलतो. आणि ज्या आंबटपणामुळे गर टिकतो, तोच सोड्याने मरतो. मग आत विष माजतं. वासही येत नाही, चवही कळत नाही. दबलेलं झाकण म्हणजे आत बाहेरची हवा शिरलेली नाही. तेच चांगलं."

"श्रद्धा असली की विष बाधत नाही," बाबा म्हणाले.

वहिनीने आपली बरणी पुढे केली. "मग पहिला घास तुम्ही घ्या बाबा. मग सासूबाईंना देते."

"आज माझं मौन आहे," बाबांनी खणखणीत आवाजात सांगितलं.

वहिनीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "वन्सं, ही कुठे टाकू?"

"न उघडता कचऱ्यात टाक."

घरी आईने ताज्या भाज्यांचं सूप वाटीभर संपवलं आणि आणखी मागितलं. प्रश्न विचारला म्हणून देव रागावल्याचं अजून ऐकिवात नाही. रागावतात ते त्याचे दलाल. तेव्हा विचारा.