बिळाच्या तोंडाशी

खेकड्याची तुटकी नांगी टाकीतल्या वाळूवर पडलेली होती. तिच्या टोकाशी पांढरट बुरा धरला होता, आणि पाणी जरासं हेलकावलं की तो बुरा हलायचा, नांगी हलायची नाही. नऊ दिवस ती तिथंच होती. एरवी असं कधी होत नसे — खाऊन झालं की बिळात राहणारा तो जीव टरफलं, पाय, नांग्या सगळं बिळाबाहेर ढकलून द्यायचा आणि सकाळी हनुमंत लांब चिमट्यानं ते उचलून घ्यायचा. यावेळी बिळाचं तोंडच बंद होतं. आतून एकेक खडा आणून त्यानं ते लिंपल्यासारखं बुजवलं होतं, आणि नांगी तेवढी बाहेर राहिली होती. ती काढायला हवी, पाणी नासेल, हे हनुमंताला पहिल्या दिवसापासून कळत होतं. तरी त्यानं काढली नव्हती. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

आज त्यानं ती काढली. मग टमरेल बुडवून, हातभर उंचीवरून पाणी परत टाकीत सोडायला सुरुवात केली. सकाळी शंभर वेळा, संध्याकाळी शंभर वेळा. गावात वीज नव्हती, तेव्हा पाण्यात हवा मिसळायची ती अशीच. एक, दोन, तीन... मोजताना डोकं रिकामं राहतं. मुंबईच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं त्यानं मोजण्याचंच काम केलं होतं : ट्रे किती, कात्र्या किती, झुरळं किती, बेडूक किती. जे जिवंत आलं ते मोजून घ्यायचं, मारायचं, मोजून टेबलांवर मांडायचं. उरलेलं फॉर्मलिनच्या बाटलीत. हातून किती जीव गेले याचा आकडा त्यानं एकदा काढायचं ठरवलं होतं आणि पहिल्या दोन वर्षांपाशीच सोडून दिलं होतं. वाईट वाटून नव्हे. कंटाळा आला म्हणून.

हाही बाटलीतच जायचा होता. दोन वर्षांपूर्वी, हनुमंताच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात, वरळीच्या खडकांवरून पोरांनी तो पकडून आणला — बोटभर लांब, हिरवा, कोळंबीच्या जातीचा पण कोळंबी नव्हे. कॉलेजात याच्या चुलतभावंडांना स्क्विला म्हणत. छातीशी दुमडलेल्या दोन गदांसारख्या हातांनी तो खेकड्याच्या पाठीवर असा ठोसा मारायचा की टरफल तडकल्याचा आवाज काचेबाहेर ऐकू यायचा. प्रोफेसर म्हणाले, हनुमंत, उद्या याला बाटलीत घाल. हनुमंत हो म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी त्यानं प्रोफेसरांना विचारलं की हा मी घरी नेऊ का. तीस वर्षांत त्यानं कुणाकडं काही मागितलं नव्हतं. प्रोफेसर हसले, एक कड उडाली म्हणून बाजूला टाकलेली काचेची टाकी दिली, वर फॉर्मलिनची एक बाटलीही दिली. लागेल कधीतरी, म्हणाले.

बादलीत त्याला घेऊन हनुमंत कामशेतला उतरला, तिथून गावापर्यंत अर्ध्या तासाची पायवाट. शालूबाई दारात उभी होती. तिनं बादलीत पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं. टाकी कुठं ठेवू हे त्यानंच विचारलं, तेव्हा तिनं खिडकीखालची धान्याची कणगी बाजूला सरकवून दिली. त्या दिवसापासून ती त्याला ‘तुमचा झिंगा’ म्हणते.

महिन्यातून एकदा हनुमंत मुंबईला जातो, भरतीच्या वेळी खडकांवरून दोन डबे पाणी भरतो आणि संध्याकाळच्या गाडीनं आणतो. आटलेलं पाणी विहिरीच्या पाण्यानं काचेवरच्या रेघेपर्यंत भरून काढतो. दर दोन दिवसांनी इंद्रायणीच्या ओढ्यातला एक लहान खेकडा. गावातल्या लोकांना वाटतं म्हातारा मुंबईला राहून बिघडला. असेल. त्याला तरी कुठं ठाऊक आहे बिघडणं म्हणजे काय — सकाळी उठावं, पाणी घालावं, दुपारी ओढ्याला जावं, दगड उलटावेत... दिवस जातो. दोन माणसांच्या घरात दिवस जायला काहीतरी लागतंच.

चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी...

बाहेर शालूबाईचा आवाज आला. ती पहाटेच भातकापणीला गेली होती, आता डोक्यावर पेंढ्यांचा भारा घेऊन खळ्याकडं चालली होती. कुणाशी तरी बोलता बोलता ती थांबली, पुन्हा चालू लागली. तिचं बोलणं नेहमी बाहेर होई. घरात ती आणि तो लागेल तेवढंच बोलत : मीठ, पाणी, दार लाव, पाऊस येईल. तीस वर्षं तो मुंबईत एका खोलीत सहा जणांबरोबर राहिला आणि ती इथं दोन खाचरं कसत राहिली. गणपतीला चार दिवस, दिवाळीला चार, मे महिन्यात पंधरा. हिशेब घातला तर संसार दोनेक वर्षांचा भरला असता. आता निवृत्त होऊन तो कायमचा आला तेव्हा दोघांनाही कळेना की पाहुणा कोण.

आणि मध्ये हौसा होती, त्यांची मुलगी. सहा वर्षांची होऊन गेली. त्याला सत्तावीस वर्षं झाली.

शाळा सुटल्यावर मास्तर यायचे होते. कामशेतच्या शाळेतले शास्त्राचे विठ्ठल मास्तर, तिशीतला उमदा माणूस. दिवाळीआधी वर्ग घेऊन टाकी बघायला आले होते. तेव्हा म्हणाले होते की आबा, याचं काही बरंवाईट झालं तर बाटलीत घालून शाळेच्या कपाटाला द्या, आमच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. देईन की, असं हनुमंत सहज म्हणून गेला होता. काल बाजारात भेट झाली, आठ दिवस बीळ बंद असल्याचं त्यानं सांगितलं, आणि मास्तर म्हणाले, मग गेलाच असणार आबा, कुजायच्या आत काढायला हवा.

बरोबर होतं. उशीर झाला तर डोळे आधी जातात. देठांवरचे ते दोन डोळे, एक इकडं पाहणारा, एक तिकडं. फॉर्मलिनमध्येही टिकतात, पण ताजा घातला तर. त्यानं ट्रंकेतून बाटली काढून खिडकीत ठेवली. हात स्थिर होते. असे हात बघून प्रोफेसर एकदा दुसऱ्या शिपायाला म्हणाले होते, हनुमंताकडून शीक. ते मार्च महिन्यातलं, परीक्षेच्या तोंडावरचं... पंचेचाळीस बेडूक. सोमवारी कार्ड आलं तेव्हा तो बरणीत क्लोरोफॉर्मचा बोळा टाकत होता. मेव्हण्याचं अक्षर. हौसाला ताप फार आहे, निघून यावे. त्यानं ते वाचलं, खाकी कोटाच्या खिशात ठेवलं, आणि बरणीचं झाकण लावलं. बुधवारी परीक्षा होती. ताप काय, येतात आणि जातात. असं त्याला वाटलं? की वाटलं असं तो नंतर म्हणू लागला? प्रोफेसरांना विचारलं असतं तर त्यांनी त्याच गाडीनं पाठवलं असतं, ते तसे होते. त्यानं विचारलंच नाही. त्या दोन दिवसांत प्रयोगशाळेत सगळे त्याला हाका मारत होते, हनुमंत हे कुठं, हनुमंत ते कुठं, आणि त्याच्याशिवाय कुणाचं पान हलत नव्हतं... गुरुवारी संध्याकाळी तो घरी पोचला. बुधवारी सगळं आटोपलं होतं. तो म्हणाला, पत्र उशिरा मिळालं. शालूबाई भिंतीकडं तोंड करून बसली होती. तिनं मान हलवली.

मास्तर आले ते सायकल हातात धरूनच अंगणात शिरले. पाणी प्याले. टाकीसमोर गुडघे टेकून बसले, काचेला नाक लावून बंद बिळाकडं पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले की आबा, खडे काढून बघू या, तुमचा जीव होत नसेल तर मी काढतो. हनुमंत म्हणाला, मीच काढतो, तुमचं बोट फोडील. मग त्याला जाणवलं की मेलेला बोट कसं फोडील, आणि मास्तरांनाही ते जाणवलं असावं.

चिमटा पाण्यात उतरला. पहिला खडा निघाला, दुसरा निघाला.

“ऱ्हाऊ द्या त्ये.”

शालूबाई दारात उभी होती. पदराला भाताचं कुसळ, हातात विळा. मास्तरांसमोर ती कधी बोलत नसे.

“कात टाकत असंल त्यो,” ती म्हणाली. “ओढ्यातला खेकडा न्हाई का, दगडाखाली जाऊन बसतो. मऊ लोण्यावानी होतो. तवा त्याला कुनी हात लावायचा नसतो. हात लावला तर मरतो.”

मास्तर म्हणाले, असू शकतं मावशी, पुस्तकातही आहे तसं, पण नऊ दिवस झालेत. शालूबाई म्हणाली, “हूं द्या की.” हनुमंताचा चिमटा पाण्यातच होता. तीस वर्षांत कात टाकलेले खेकडे त्यानं ढिगानं पाहिले होते, पण ते बाटलीत. कात टाकणारा जीव बिळात किती दिवस बसतो हे त्याला माहीत नव्हतं, कारण तिथं कुणी तेवढं थांबत नसे. त्यानं दोन्ही खडे चिमट्यानं परत जागेवर ठेवले. नीट बसले नाहीत, पण ठेवले.

मास्तर जरासे हिरमुसले, पण भला माणूस. पुढच्या शनिवारी येतो म्हणाले, सायकल फिरवली आणि गेले.

हनुमंत हात पुसत राहिला. नऊ दिवसांत हालचाल नाही, वास अजून नाही हे खरं, पण थंडीचे दिवस, वास उशिरा येतो... तो मोठ्यानं म्हणाला की किती दिवस वाट बघायची, याला काही सुमार? ते खरं तर तो स्वतःशीच म्हणाला होता.

शालूबाईनं विळा कोपऱ्यात ठेवला.

“तुमाला वाट बगायची सवय न्हाई,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “मी बगितलीया. सोमवारपास्नं.”

सोमवार... तो शब्द त्याच्यापर्यंत यायला वेळ लागला. मग तो आला. मेव्हण्यानं कार्ड शनिवारी कामशेतला पेटीत टाकलं होतं आणि ते सोमवारी मुंबईत मिळतं, हे मेव्हण्याला माहीत होतं, म्हणजे तिला माहीत होतं. दर गाडीच्या वेळी ती दारात येऊन उभी राहिली असणार. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी. आणि गुरुवारी तो आला, आणि त्यानं ते वाक्य म्हटलं, आणि तिनं मान हलवली. सत्तावीस वर्षं त्या वाक्यामागचं खरं आपण तिच्यापासून जपून ठेवलं असं तो समजत होता, आणि तिला ते वाक्य ऐकत असतानाच...

त्याला रडू आलं नाही. तो वाट पाहत होता की काहीतरी येईल.

“सोमवारीच मिळालं होतं पत्र,” तो म्हणाला.

“ठावं हाय.”

“परीक्षा होती.”

पदराचं कुसळ काढून तिनं ते बाहेर टाकलं. मग म्हणाली की खळ्यावर चार भारे पडलेत, दिवस कलायच्या आत रचायला हवेत, भिकाजीचा बैल तिथं सुटतो. आणि उंबऱ्यापाशी जरा थांबली. येता का, असं तिनं विचारलं नव्हतं. पण ती थांबली होती.

तो तिच्या मागून निघाला. कापलेल्या खाचरांच्या बांधावरून ती पुढं, तो चार पावलं मागं. तिची टाच भेगाळलेली होती आणि एका भेगेत चिखल वाळला होता. हे पाऊल आपल्या ओळखीचं नाही, असं त्याला वाटलं, आणि हे काही आजचं नव्हे, फक्त आज ते वाटलं. मन हलकं झालं म्हणावं तर तसं काही नव्हतं. उलट आता दोघांकडं तीच गोष्ट होती आणि ती ठेवायची कुठं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या तीन दिवसांत हौसा शुद्धीवर होती का? काही मागत होती का? कुणाला हाक मारत होती? हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. विचारायचं म्हटलं तर आधी ते वाक्य आड येई. आता ते आड नव्हतं. आज विचारणं होणार नाही, हे त्याला कळत होतं, उद्याही बहुधा नाही. उत्तराची भीती नव्यानं, स्पष्ट, एखाद्या माणसासारखी येऊन बसली होती. पण पुढं चालणारी बाई त्या प्रश्नाचं उत्तर जाणते, आणि ती जिवंत आहे, चार पावलांवर आहे... त्यानं पावलं जरा उचलली.