तोंडात सँडविच

विल्फने अख्खं सँडविच तोंडात कोंबलं. ब्लॅकपूलने बरोबरीचा गोल मारला होता आणि तोंड रिकामं असतं तर त्यातून आरोळीच निघाली असती. बोल्टनमध्ये, हिंडलांच्या बैठकीत, बोल्टनच्याच चौदा माणसांत ते परवडणारं नव्हतं.

"सावकाश खा रे पोरा," आमोस हिंडल म्हणाले. "कोणी पळवून नेत नाहीये."

आमोस म्हणजे मेव्हिसचे वडील. पुढच्या महिन्यातल्या राज्याभिषेकासाठी म्हणून बायकोने ठरवलेला टीव्ही त्यांनी आधीच घरी आणवला होता. तो फुटबॉल कपच्या अंतिम सामन्यासाठी; शनिवार म्हणजे त्यांच्यासाठी फुटबॉलचाच दिवस. राणीचं नावही कोणी काढत नव्हतं. सामना संपला की विल्फ मेव्हिसला मागणी घालणार होता आणि बिचाऱ्याचा जन्म नेमका ब्लॅकपूलचा. मेव्हिसने त्याला दारातच बजावलं होतं, "बाबांना सांगितलंय, तू समुद्राकडचा आहेस. गाव विचारलं तर खोकायचं."

पुढे बोल्टनने तीन-एक अशी आघाडी घेतली आणि आमोसांनी फर्मान काढलं.

"आता जागचं कोणी हलायचं नाही. ज्याचा हात जिथे आहे, तिथेच राहू दे."

विल्फ तेव्हा डोकं खाजवत होता. हात डोक्यावरच राहिला. एडनाबाई चहा ओतायला वाकल्या होत्या, त्या किटली धरून तशाच उभ्या. नवऱ्याचं हे वेड त्यांना नवं नव्हतं.

ब्लॅकपूलने दुसरा गोल मारला.

"कोण हललं?" आमोसांनी विचारलं.

कोणी हललं नव्हतं. अगदी शेवटी तिसरा गोल झाला, तरी नाही. आणि मग, सामना संपता संपता, चौथा. चार-तीन. कप ब्लॅकपूलचा.

विल्फच्याने राहवेना. त्याने दोन्ही हातांत तोंड लपवलं. खांदे गदागदा हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हसू दाबता दाबता जीव जायची पाळी आली होती.

पाठीवर एक जड हात आला.

"रडू नकोस, पोरा." आमोसांनी स्वतःचेही डोळे पुसले. "आमच्या टीमसाठी एवढं रडलास. मेव्हिसबद्दल विचारायला आलायस ना? मला ठाऊक आहे. घेऊन जा तिला."

झालं की काम! गप्प बसायचं, बस. मेव्हिस डोळ्यांनी तेच सांगत होती. विल्फने तोंड वर केलं, म्हाताऱ्याचे लाल डोळे पाहिले आणि त्याला लाज वाटली.

"मिस्टर हिंडल, मी ब्लॅकपूलचा आहे."

बैठकीतल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

"जन्माने?"

"आजोबांपासून."

"आणि हे चारही गोल तू इथे बसून पाहिलेस? माझ्या शेजारी?"

"हो."

आमोसांनी उठून टीव्ही बंद केला. मग बायकोकडे वळले.

"एडना, दोन तास याच्या मनात लाडू फुटत होते, पण पठ्ठ्याने ब्र काढला नाही. या घरात गप्प बसायला शिकायला मला बावीस वर्षं लागली."

"मग?" एडनाबाईंनी किटली खाली ठेवली.

"मग काय? उद्या चर्चमध्ये जाऊन तारीख विचार," आमोस म्हणाले. "फक्त शनिवार नको."