अँटेना धरून

फ्रेडरिकने आपल्या बायकोला टीव्हीवर गाताना पाहिलं नव्हतं, आणि ते का पाहिलं नव्हतं हे राजोडी गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ती गात होती तेव्हा तो घराच्या कौलांवर अँटेना धरून उभा होता.

ही गोष्ट एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या नाताळची. आळीत टीव्ही एकच, फ्रेडरिकचा. चर्चच्या गायकमंडळाला मुंबईच्या स्टुडिओत बोलावणं आलं, ध्वनिमुद्रण झालं, आणि नाताळच्या आदल्या आठवड्यात कार्यक्रम लागणार म्हणून सगळी आळी त्याच्या ओट्यावर जमली. मेरीला एक कडवं एकटीने गायचं होतं. नेमका त्या संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटला आणि पडद्यावर मुंग्या आल्या. फ्रेडरिक वर चढला. खालून लोक ओरडत होते, "वसईकडे फिरव! आणखी वसईकडे! नको, अर्नाळ्याकडे! थांब, थांब, आली!" आली म्हटल्यावर त्याने दांडा घट्ट धरला, तो गाणं संपेपर्यंत सोडला नाही. खाली उतरला तेव्हा प्रत्येक जण त्याला मेरी कशी दिसली ते सांगत होता आणि मेरी स्वतः लाजून स्वयंपाकघरात जाऊन बसली होती.

जेनिफरने ही हकिगत लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की तिला ती स्वतः पाहिल्यासारखी वाटायची. फ्रेडरिक तिचा सख्खा मोठा काका. दोन्ही घरं एकाच वाडीत, मधे केळीचं बन. एम.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स झाल्यावर नोकरी लागेपर्यंत तिच्याकडे वेळ होता, आणि काकाकडे सायंकाळी बसून राहण्याखेरीज काही नव्हतं. मेरीकाकी गेल्यावर त्याने केबल काढून टाकली होती. "बघायचं कोणाबरोबर?" म्हणाला होता.

म्हणून पावसाळा संपता संपता जेनिफरने त्याच्या घरावर, आता कौलांच्या जागी असलेल्या गच्चीवर, नवा अँटेना बसवला. मुंबईच्या मनोऱ्यावरून सरकारी वाहिन्या आता डिजिटल येतात, डिश लागत नाही, महिन्याचं भाडं नाही, ही गोष्ट तिला प्रयोगशाळेत असतानाच फार आवडली होती. फुकट, आणि हवेतून! तुळिंजच्या बाजारात एका जुन्या दुकानात तिला हवा तसा, माशाच्या काट्यासारखा अँटेना मिळाला. दुकानदाराने त्याच्यावरची धूळ तिच्यासमोरच पुसली. मनोरा दक्षिणेला, पन्नासेक किलोमीटरवर. मधे भाईंदरची खाडी, पलीकडे इमारतींची दाटी. तिने होकायंत्र लावून दिशा घेतली, जुन्याच लोखंडी दांड्यावर अँटेना पट्ट्यांनी आवळला, आणि खाली टीव्हीच्या मेनूत दोन आडव्या पट्ट्या पाहिल्या. एक सिग्नलच्या जोराची, एक दर्जाची. दर्जाची पट्टी जेमतेम पुरेशी होती.

"पण चित्र बघ काका! एक मुंगी नाही."

"खरंच गो. काचेसारखं." मग काकाने शंका काढली, "वारा सुटला की?"

"जुन्या सिग्नलचं वेगळं होतं. तो हळूहळू बिघडायचा. आधी मुंग्या, मग सावल्या, मग खरखर. हा बिघडत नाही. शेवटपर्यंत नीट चालतो आणि मग एकदम..."

ती थांबली. मेरीकाकी अशीच गेली होती. सकाळी मोगरा खुडून आली, चहा ठेवला, आणि कप घ्यायला हात वर केला तो तसाच राहिला.

"एकदम बंद पडतो," काकानेच वाक्य पुरं केलं. "असू दे. चहा घे."

डिसेंबरात एका रविवारी मिस्सा संपल्यावर फादरांनी सांगितलं की सरकारी वाहिनीवर नाताळचे जुने कार्यक्रम पुन्हा दाखवणार आहेत आणि येत्या गुरुवारी आपल्या गावच्या गायकमंडळाची पाळी आहे. चर्चच्या दारातच कॅथरिनमावशीने काकाला गाठलं. ती शेजारीण, मेरीबरोबर त्या मंडळात गायलेली.

"फ्रेडी, गुरुवारी माझ्याकडे ये. माझ्याकडे केबल आहे. मोठा टीव्ही आहे. तुझ्या त्या हँगरवर काय येणार?"

"हँगर नाही मावशी, यागी अँटेना आहे," जेनिफर म्हणाली. "तुमच्या केबलपेक्षा साफ दिसतं. तुम्हीच या आमच्याकडे."

"बघ हां पोरी. माणसाने एकदा चुकवलंय."

"या वेळी काका खुर्चीत बसणार. मी आहे ना!"

काका दोघींकडे पाहून हसला. "मेरी माझ्याच घरात आलेली बरी," म्हणाला. जेनिफरला तेव्हा वाटलं, आपल्यावर विश्वास टाकला. कॅथरिनमावशीच्या घराकडे जायला फक्त कुंपणाचं फाटक उघडावं लागलं असतं, हे तिच्या मनात तेव्हा आलं नाही, पुढे मात्र पुष्कळदा आलं.

गुरुवारी दुपारी तिने सगळं पुन्हा तपासलं. चित्र लख्ख होतं. मग तिने आणखी एक काम उरकलं: स्टार लावला. नाताळचा स्टार घरातल्या सगळ्यात उंच जागी लावायचा, आणि फ्रेडरिकच्या घरात ती जागा म्हणजे अँटेनाचा दांडा, ही रीत मेरीने पाडलेली. दर वर्षी कागदाचा स्टार असायचा, आत साधा बल्ब. यंदा जेनिफरने रंग बदलणारा, एलईडीचा, बाजारातला सगळ्यात भपकेदार स्टार आणला होता. दांड्याला, अँटेनाच्या हातभर खाली, तो तिने बांधला, त्याचा छोटा अडॅप्टर तिथेच दांड्याला टेपने चिकटवला, आणि कठड्यापाशी त्याचं बटन बसवलं. दिवसा पेटवून काय बघायचं, म्हणून पेटवून बघितला नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे तिला प्रयोगशाळेत पहिल्या वर्षापासून शिकवलं होतं.

तिन्हीसांजेला चर्चची घंटा झाली तशी ती वर जाऊन स्टार पेटवून आली. लाल, हिरवा, मग निळा. केळीच्या पानांवरसुद्धा उजेड पडला. मग तेर्स. संध्याकाळची जपमाळ पुरी झाल्याखेरीज त्या घरात टीव्ही लागत नसे, आणि त्या दिवशी तर काका एकेक 'नमो मारिया' इतक्या सावकाश म्हणत होता की जेनिफर मनातल्या मनात त्याला ढकलत होती. शेवटी त्याने क्रूस कपाळाला लावला, खुर्ची टीव्हीसमोर ओढली, केसांवरून हात फिरवला आणि शर्टाचं वरचं बटन लावलं. ते बटन लावणं पाहून जेनिफरला गंमत वाटली.

तिने टीव्ही लावला. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत: सिग्नल नाही.

"थांब हं काका. जॅक निघाला असेल."

जॅक निघाला नव्हता. तिने तो काढून पुन्हा घातला, वायर चाचपली, मेनू उघडला. जोराची पट्टी होती तशीच होती. दर्जाची पट्टी रिकामी. असं कसं होईल? जोर आहे आणि दर्जा नाही? ती विचार करत राहिली आणि तो विचारच तिला आवडत होता, हे तिला नंतर जास्त बोचलं. टीव्हीमागे वाकून तिने विचारलं, "काका, वाजले किती?" तिने मान बाहेर काढली. खुर्ची रिकामी होती. टेबलावरचा तिचा मोबाइलही नव्हता. जिन्यात बॅटरीचा उजेड हलत वर चालला होता.

"काका! वर नको जाऊस, अंधार आहे! तसं करून काही होत नाही!"

"तू तिकडे बघ, मी इकडे बघतो!" वरून आवाज आला. गुडघे दुखणाऱ्या माणसाचा तो आवाज नव्हता.

ती पुन्हा वायरीकडे वळली. आणि एकाएकी खोलीत वाद्यांचे सूर भरले. पडदा उजळला. दोन ओळींत उभ्या असलेल्या बायका, मागे हाताने रंगवलेला गव्हाणीचा पडदा, कडेला पेटीवर कोणी तरी.

"आलं!" जेनिफर खिडकीतून ओरडली. "काका, आलं!"

"आणखी फिरवू?"

"नको, नको! हलवू नकोस! तसंच राहू दे!"

आणि ती पडद्याकडे वळली. पुढच्या ओळीतली एक सडपातळ बाई एक पाऊल पुढे आली. जेनिफरने मेरीकाकीला कधी सडपातळ पाहिलं नव्हतं. निळसर साडी, कानात मोत्याची फुलं, हात कुठे ठेवावेत हे न कळल्यामुळे एकमेकांत गुंतवलेले. ती गाऊ लागली. आवाज मात्र तोच, तेर्सच्या वेळी सगळ्यांच्या आवाजातून वेगळा ऐकू यायचा तो. जेनिफर जमिनीवरच बसली. एका ओळीच्या शेवटी मेरीकाकीने झटकन वर पाहिलं, जणू छतावर कोणी आहे, आणि तेव्हा कुठे जेनिफरच्या लक्षात आलं की काका अजून खाली आलेला नाही. तिने सांगितलं होतं, हलवू नकोस.

ती दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर धावली. गच्चीवर काळोख होता. काका दांड्याला दोन्ही हातांनी मिठी मारून, गाल लोखंडाला टेकवून उभा होता. खालून गाण्याचा आवाज अगदी पुसट येत होता.

"काका, खाली जा! मेरीकाकी आहे, आत्ता आहे!"

"मी सोडला तर जाईल गो."

समजावून सांगायला वेळ नव्हता. "मी धरते! दे, मी धरलाय, तू जा!"

त्याने दांडा तिच्या हातात नीट दिला, एकेक बोट सोडवत. मग कठड्याचा आधार घेत जिन्याकडे गेला. ती त्याच्या चपलांचा आवाज ऐकत राहिली. एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी. तो जिन्यातच असताना खालून टाळ्या ऐकू आल्या.

दांडा धरून ठेवायची काहीच गरज नव्हती. तिनेच आवळलेल्या पट्ट्या, त्या हलणार नव्हत्या. तरी ती धरून राहिली. कुठल्या तरी दुसऱ्या गावाचं मंडळ गाऊ लागलं तेव्हा तिने मान वर केली. स्टार विझलेला होता. अंधारात काळा, पंचकोनी. ती कठड्यापाशी गेली, बटन दाबलं. लाल उजेड पडला.

"जेनी, गेलं!" खालून काका ओरडला.

तिने बटन बंद केलं.

"आलं गो, आलं!"

एकदाच पुरे होतं, पण तिने पुन्हा केलं. गेलं. आलं. अडॅप्टर. स्वस्तातला, सिग्नलमध्ये खरखर कालवणारा, अँटेनाच्या हातभर खाली, तिने स्वतः टेप लावून चिकटवलेला. कागदाच्या स्टारमधल्या साध्या बल्बने हे कधीच केलं नसतं.

ती खाली आली तेव्हा कॅथरिनमावशी फाटक उघडून धापा टाकत दारात उभी होती. डोळे पुसत म्हणाली, "फ्रेडी, पाहिलीस ना रे? किती लहान होतो आपण! मेरी काय दिसत होती!"

काकाने जेनिफरकडे पाहिलं, मग मावशीकडे. "पाहिली. काचेसारखी. हिच्या अँटेनावर."

"मग माझीच चूक बाबा. हँगर म्हणणार नाही यापुढे," मावशी म्हणाली आणि नाताळच्या फराळाला ये म्हणून सांगून गेली.

टीव्हीवर दुसऱ्या गावचे लोक गात होते. काकाने आवाज कमी केला.

"निळी साडी होती का?"

"निळसर. कानात मोत्याची फुलं."

"तिच्या बहिणीची ती साडी. परत करायची राहिली." मग त्याने विचारलं, "मधेच वर बघितलं तिने?"

"हो. एकदा."

"तेव्हाही सगळे हेच म्हणाले होते." त्याने शर्टाचं वरचं बटन सोडलं. मग काही आठवून म्हणाला, "तो स्टार मधे येत होता. डोळ्यांवर उजेड यायचा, म्हणून आधी तो बंद केला नि मग दांडा जरासा वसईकडे लोटला. लगेच आलं, नाही?"

जेनिफरने टीव्हीमागची वायर सारखी केली.

"तुझा हात काही बरोबर नाही गो. तू धरलास तर दोनदा गेलं. मी धरला होता तेव्हा हललं होतं का?"

उत्तर तिच्या तोंडाशी होतं. दर्जाची पट्टी, अडॅप्टर, बटन, सगळं एका वाक्यात मावलं असतं, आणि ते वाक्य अचूक असतं.

"नाही काका," ती म्हणाली. "तू धरला होतास तेव्हा जराही हललं नाही."